राघोच्या नावाने भरलेली घागर

आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी समजावी, मी कुणाच्या पाया पडायला येणार नाही.

साल १९९६. सुरत, लिंबायत. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती, बारा ते दोनच्या मधली. भुतं रात्रीच निघतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसाने सुरतेचा उन्हाळा पाहिलेला नाही.

मी गजेंद्र. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि लूमच्या खात्यात कामाला होतो. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत आम्ही सगळे तसंच म्हणतो. लिंबायतमध्ये लूमची खटाखट चोवीस तास चालते. आम्ही त्या आवाजातच जेवतो, झोपतो आणि भांडतो. आखाजीला मात्र खानदेशी कारागीर गावी निघून जातात आणि खाती बंद पडतात.

त्या दिवशी सगळीकडे शांत होतं. इतकं शांत, की स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं.

आम्ही गावी गेलो नव्हतो, कारण आबा.

आबा म्हणजे माझे वडील, हिलाल. वीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी. नंतर नवापूरजवळ एक अपघात झाला आणि डावा पाय मांडीपासून गेला. ट्रकवाल्याला क्लच दाबायला डावा पाय लागतो. तो गेला म्हणजे सगळंच गेलं. त्यानंतर आबा कतारगामला एका हिरेवाल्या सेठच्या कारखान्यावर वॉचमन झाले. गेटजवळ एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर बसायचं, गाड्या येताना सलाम ठोकायचा. सहा वर्षं ते त्या स्टुलावर बसले. घरी आले की बोलायचे नाहीत. माय म्हणायची, बापाचा पाय तिकडे गेला आणि जीभ इकडे गेली.

आणि मग त्या सेठने आबांना गाडी देऊन टाकली.

जुनी जपानी गाडी होती. सेठच्या भावाने आफ्रिकेतून आणलेली. ऑटोमॅटिक. त्या काळात अशी गाडी सुरतेत शोधावी लागे. तिला क्लच नसतो. दोनच पेडल, ब्रेक आणि रेस. दोन्ही उजव्या पायाने. लीव्हर एका जागेवरून दुसरीकडे ओढला की झालं. पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे पुढे.

एका पायाचा माणूस ती चालवू शकत होता.

एवढी गाडी सेठने उगाच दिली नाही. त्याच्या घरातलं कुणी तिच्यात बसायला तयार नव्हतं. सेठचा ड्रायव्हर राघो त्या गाडीत गेला होता. आमच्याच भागातला, पारोळ्याकडचा. ना बायको, ना पोर, ना भाऊबंद. अकरा वर्षं त्याने ती गाडी चालवली. एका दुपारी सेठला घ्यायला आला, गाडी डीमध्ये, पाय ब्रेकवर, आणि तसाच बसल्या जागी संपला. दोन तासांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. इंजिन चालूच होतं. समोर कारागिरांची पोरं गोट्या खेळत होती. पाय जरा सुटला असता तर गाडी त्यांच्यावर गेली असती.

मेलेल्या माणसाचा पाय दोन तास सुटला नव्हता.

सगळे म्हणाले, हिलालभाऊ, नको घेऊ ही गाडी. आबा म्हणाले, मला पाय देणारा दुसरा कोणी असेल तर त्याचं नाव सांगा. आबांनी गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात वॉचमनची नोकरी सोडली.

बारडोलीच्या एका ऊसवाल्या काकांना एक दिवसाआड सुरतेच्या दवाखान्यात आणायचं काम ठरलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी त्यांच्या दारात हवी होती. नाही आली तर ते दुसरी गाडी बघणार होते.

आणि गाडी आजारी होती. डीमध्ये टाकली की इंजिन गुरगुरायचं, गाडी मात्र जागेवरच. मग एकदम हिसका देऊन निघायची. गिअरबॉक्सचं तेल जळलं होतं. दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. तिसरा म्हणाला, साधं इंजिन ऑइल टाकून देतो. त्याला मी हात जोडले. हजीऱ्याला कंपनीत कामाला असलेला सुकलाल आमच्या ओळखीचा होता. त्याने त्या गिअरबॉक्सचं लाल तेल दोन डबे आणून दिलं आणि नीट बजावलं... जेवढं जुनं निघेल तेवढंच नवं टाक. कमी पडलं तर गाडी चालणार नाही, जास्त झालं तर गिअरबॉक्स फेस काढेल. टाकल्यावर इंजिन चालू ठेव, सगळ्या गिअरमधून फिरव, आणि मग तेल मोजायच्या दांडीवर माप बघ.

म्हणून मी आखाजीच्या दुपारी एका बंद खात्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी घेऊन बसलो होतो. पुढची दोन्ही चाकं विटांच्या थरावर चढवली होती. मागच्या चाकांमागे दगड लावले होते. घर तिथून तीस-चाळीस पावलांवर.

चूक माझी झाली. ती आधीच कबूल करतो.

जुनं तेल काढायला मी पत्र्याचा डबा आणला होता. गिअरबॉक्सच्या बुडाचा नट सैल केला आणि पहिली धार पडली, तेव्हा कळलं की डब्याला बुडाला भोक आहे. नट परत घट्ट करून घराकडे पळालो. ओट्यावर कोरी घागर होती. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ज्याचं नाव घ्यायचं, त्याची ती घागर. मायने आजोबांची घागर भरून आत ठेवली होती. ही जास्तीची आणलेली, एखादी फुटली तर असावी म्हणून.

मी ती उचलली. कुणाला विचारलं नाही.

गाडीखाली ठेवली आणि नट काढला. तेल लाल असतं म्हणतात. हे काळपट होतं, जळक्या वासाचं. गरम धार कोऱ्या मातीत पडत होती. मी गाडीखाली आडवा, घामाने निथळलेला आणि त्यातही फाजील. मला गंमत सुचली.

म्हणालो, "घे राघोभाऊ. तुझ्या नावाची."

बस्स. एवढंच म्हणालो.

धार थांबली. नट लावला. घागर बाहेर काढून ड्रायव्हरच्या दरवाजाजवळ ठेवली. झाडूची काडी बुडवून माप घेतलं. बरोबर एक वीत. तेवढ्यात आबा कुबडीवर आले. मी नवा डबा फोडायला शेडच्या कोपऱ्यात गेलो, आबा बोनेटपाशी उभे राहिले. दोघांची पाठ घागरीकडे.

आणि मला आवाज आला...

गटक.

मग पुन्हा... गटक... गटक.

तहानलेला माणूस वर तोंड करून पाणी पितो ना, अगदी तसा. मी वळलो. कोणी नव्हतं. आबांना विचारलं, तुम्ही पाणी प्यालात का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आवाज त्यांनीही ऐकला होता, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

मी घागरीत काडी बुडवली.

चार बोटं तेल कमी होतं.

आता तुम्ही म्हणाल कोऱ्या मातीने तेल प्यालं. मीही तेच म्हणालो. पण घागर बाहेरून कोरडी होती, मी हात फिरवून पाहिला. आणि तरी मी आबांना म्हणालो, मातीने प्यालं, चला पुढे. कारण सकाळी सातला बारडोली गाठायची होती. भुताला घाबरायला आमच्याकडे वेळ नव्हता, खरं सांगतो.

पहिल्या मापाने, म्हणजे वीतभर भरलं होतं तेवढंच तेल टाकायचं ठरलं. बोनेटखाली माप बघायच्या दांडीची नळी असते, तिच्यातूनच बारीक नरसाळ्याने तेल ओतावं लागतं. अर्धा तास गेला. मग आबा सीटवर बसले. इंजिन चालू केलं. ब्रेक दाबून लीव्हर एकेका जागी नेला, परत पीमध्ये आणला. इंजिनचा आवाज बदलला. गुरगुर गेली. आबांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांनी काहीतरी आलं. मला ते बघून रडू येईल असं वाटलं, म्हणून मी दांडी पुसत बसलो.

इंजिन गरम व्हायला दहा मिनिटं चालू ठेवायचं होतं. तेवढ्यात मायची हाक आली. पितरांना जेवू घालायची वेळ झाली होती आणि आगारी टाकायला, म्हणजे पितरांचा घास निखाऱ्यावर सोडायला, घरातला कर्ता पुरुष लागतो. आबा उतरले. गाडी पीमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मी स्वतः पाहिलं.

आबा कुबडी टेकत घराकडे गेले.

मी एकटा. इंजिन चालू. बाकी सगळीकडे शांतता.

खाली वाकून पाहिलं तर नटाजवळ तेलाचा एक थेंब लोंबत होता. नट गळत असेल तर सगळं पाण्यात. चालू गाडीखाली शिरू नये हे मला माहीत होतं. तरी शिरलो. पान्याने नट पाव फेरा आवळला. थेंब पुसला. पुन्हा येतो का ते बघत पडून राहिलो.

आणि तेव्हा...

वरची सीट करकरली.

कोणीतरी बसलं होतं. माझ्या डोक्यावरचा पत्रा किंचित खाली दबला. मला वाटलं आबा आले. मी खालूनच ओरडलो की आबा, मी खाली आहे, कशाला हात लावू नका.



मग एक वास आला. तेलाचा नाही. पानातल्या तंबाखूचा. आबा पान खात नाहीत.

आणि माझ्या नाकासमोर, अगदी वीतभर अंतरावर, गिअरबॉक्सच्या बाजूला एक लोखंडी दांडा आहे. वरचा लीव्हर हलवला की तो हलतो. तो दांडा...

सरकला.

टक. पीमधून आर.

टक. एन.

मी ओरडलो. आवाज निघाला की नाही ते आजही माहीत नाही.

टक.

डी.

गाडी पुढे निघाली. हँडब्रेकचं काय झालं ते देवाला माहीत. पुढची चाकं विटांवर फिरली. वीट कचकचली. मातीचा भुगा माझ्या डोळ्यांत पडला. विटांचा थर संपला की चाकं खाली येणार आणि सगळी गाडी माझ्या छातीवर. मी सरकायला गेलो तर सदरा कुठेतरी अडकला. चाक विटेच्या कडेला आलं.

आणि थांबलं.

मी मान वळवून मागे पाहिलं. शेडच्या मागच्या भिंतीला चुना होता. त्या भिंतीवर लाल उजेड पडला होता. ब्रेक लाइट.

वर कोणीतरी ब्रेक दाबून धरला होता.

मला हायसं वाटलं. आबाच आहेत, चुकून लीव्हर ओढला गेला, असं मी मनाशी म्हणालो. मग मी पुढे पाहिलं. गाडीच्या खालून शेडचं दार दिसत होतं. दारापलीकडे ऊन. आणि त्या उन्हातून...

एक पाय आणि एक कुबडी येत होती.

आबा अजून वीस पावलांवर होते.

मी जागच्या जागी थिजलो. सदरा अडकलेला. इंजिन डीमध्ये, पुढे जायला ओढतंय. मधे फक्त तो ब्रेक. वरचा पाय सुटला की मी संपलो. आणि तो पाय कुणाचा आहे हे मला कळलं होतं.

मी आबांना हाक मारली. सगळं एका दमात सांगितलं. आबा दरवाजापाशी येऊन थांबले. मला फक्त त्यांचा पाय दिसत होता. नंतर त्यांनी सांगितलं की काचेतून त्यांना सीट रिकामी दिसली. ब्रेकचं पेडल मात्र तळाला टेकलेलं होतं.

दुसरा कोणी असता तर गाव गोळा करायला पळाला असता. मी बापाला दोष दिला नसता.

आबांनी कुबडी खाली टाकली आणि दरवाजा उघडला.

सहा वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. ट्रकवर असताना घाटात समोरच्याला बाजू दे म्हणून सांगायचे, तो आवाज.

"राघो, मना पोऱ्या खाले शे. पाय उचलू नको."

मग जरा थांबून म्हणाले, "तू अकरा वरीस गाडी हाकी. आते मना नंबर शे. सरक."

आणि आबा सीटवर बसले.

रिकाम्या सीटवर नाही. ते नंतर मला म्हणाले, बसताना आधी कुणाच्या तरी अंगाला अंग लागलं. थंड. मग ते अंग बाजूला झालं. उजवा पाय ब्रेकवर ठेवला तेव्हा पेडल आधीच खाली होतं, त्यांना दाबावं लागलं नाही. हळूहळू त्याचं वजन त्यांच्या पायात आलं. एकाने धरलेलं ओझं दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं.

लीव्हर पीमध्ये गेला. किल्ली फिरली. इंजिन बंद.

मी सदरा फाडून बाहेर आलो आणि शेडच्या दाराशी जाऊन ओकलो. लाज वाटत नाही सांगायला.

आबा उतरलेच नाहीत. म्हणाले, माप बघ. मी म्हणालो, आबा, ही गाडी आपण आज रात्रीच सेठच्या दारात नेऊन उभी करू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तू घरी जा, मी एकटा बघतो. एका पायावर. मग मी कसला जातोय. इंजिन पुन्हा चालू केलं. दांडी काढली. दोन वेळा पुसून पुन्हा बुडवली.

माप बरोबर होतं. अगदी रेघेवर.

घागरीकडे गेलो. आत तेलाचा थेंब नव्हता. नुसती रिकामी नाही, आतून कोरडी ठणठणीत, बाजारातून आणावी तशी. अडीच-तीन लिटर जळकं तेल होतं त्यात. ज्यांना मातीने प्यालं म्हणायचंय त्यांनी आपल्या घरी घागर आणावी, गिअरबॉक्सचं तेल ओतावं आणि अर्धा तास बसून राहावं. मग माझ्याशी बोलावं.

मायला सगळं सांगावंच लागलं. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "कोना नावनी भरी तू ती घागर?"

मी नाव सांगितलं. माय म्हणाली की त्याला मेल्यापासून कुणी बोलावलं नव्हतं, तू बोलावलंस. आता तो जाईल कशाला.

शेजारपाजारचे लिंबू घेऊन आले. एकाने उधन्याच्या कुठल्या भगताचं नाव सांगितलं. आबांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. म्हणाले, त्याला काढायला निघालात तर गाडीही जाईल, आणि गाडी मी सोडणार नाही.

सकाळी पाचला आबा निघाले. मी सोबत येतो म्हणालो. नको म्हणाले. सातला दहा मिनिटं कमी असताना ते बारडोलीला त्या काकांच्या दारात उभे होते.

अकरा वर्षं आबांनी ती गाडी चालवली. २००७ला गेले, घरी, झोपेत. त्या अकरा वर्षांत एक ओरखडा नाही. ते पुन्हा बोलायला लागले, भांडायला लागले, मायला सिनेमाला नेऊ लागले. एका माणसाला त्याचं आयुष्य परत मिळालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटच्या वर्षी मी एकदा धीर करून विचारलं की आबा, इतकी वर्षं त्या सीटवर बसताना तुम्हाला भीती नाही वाटली?

आबा म्हणाले, "वाटस ना. पन त्या स्टूलवर बसानी जास्त वाटे."

गाडी आता माझ्याकडे आहे. लोक विकत मागतात, मी देत नाही. भंगारवाला दर दिवाळीला चक्कर मारतो, त्यालाही हाकलतो. आठवड्यातून तीन दिवस मी ती बारडोली रस्त्याला काढतो.

आणि समोर कोणी आडवं आलं, एखादी म्हैस, एखादं पोर, की मी पाय उचलतो. पण माझा पाय पोचायच्या आधी...

पेडल खाली गेलेलं असतं.

मी आता दचकत नाही. ब्रेक कोण दाबतं ते मला माहीत आहे. मेल्यावरही दोन तास ज्याचा पाय सुटला नाही, तो मला मारायला आला होता असं मी मानत नाही. मला वाचवणारा तोच होता.

पण मग त्या दुपारी लीव्हर कुणी ओढला?

टक, टक, टक. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ब्रेकवर राघो होता. लीव्हरवर दुसरं कोणीतरी होतं. मी नाव एकच घेतलं होतं.

आबांनाही हे विचारलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि विषय बदलला.

गाडी मी विकणार नाही, चालवणं सोडणार नाही. ज्याला जे करायचंय ते त्याने करावं.

फक्त तिच्याखाली मी पुन्हा कधी शिरलेलो नाही.